जरीच्या बोटावरचा थेंब

मी एक पट्टी बोलतेय. जखमेवर बांधायची नव्हे, साडीला लावायची तर मुळीच नव्हे. साखर तपासायला घरोघरी असते ना, तिच्या घराण्यातली. आमच्या शाखेचं काम तेवढं निराळं. माणसाला सगळ्याचा विसर पाडणारा एक आजार आहे, डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणतात. तो घरात शिरायच्या बराच आधी फाटकाशी येऊन उभा राहतो. तो उभा आहे की नाही, हे रक्ताच्या थेंबावरून ओळखायचं, हा आमचा धंदा. लांबीला मी तुमच्या करंगळीएवढी, जाडीला लग्नपत्रिकेएवढी.

आमचं आयुष्य एका थेंबाचं असतं. थेंब पडला, वीज फिरली, आकडा निघाला की चालली पट्टी दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत. माझ्या बहुतेक बहिणी तिथंच गेल्या. मी अजून आहे, आणि चांगली मोक्याची जागा धरून आहे. ती कशी मिळाली तेच सांगायचंय. जन्म सुरतेचा असल्यामुळं सरळ रस्त्यानं जायची सवय नाही, वाटेत दोनतीन दुकानांत डोकावणं होईल. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म इथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. मला घडवलं ऋचानं. ऋचा मूळची मराठी, वडील बँकेत, त्यामुळं लहानपणापासून सुरतेतच. आईशी मराठी, रिक्षावाल्याशी गुजराती आणि यंत्र बंद पडलं की त्याच्याशी हिंदी. तिच्यावर देखरेख देसाईसरांची. सर मनानं मोठे. शनिवारी खमण आणायचे आणि प्रयोगशाळेत खायला बंदी आहे, असं स्वतःच सांगून सगळ्यांना दाराबाहेर उभं करून खाऊ घालायचे.

आधी प्लास्टिकच्या पातळ तुकड्यावर काळ्या शाईनं माझं अंग छापलं. त्यावर ग्राफीनचा थर दिला. पेन्सिलीच्या शिशाच्या भावकीतलं हे, पण एकेका अणूच्या जाडीचा पापुद्रा. आणि त्यावर सोनं. हो, अंगावर सोनं आहे माझ्या. त्याचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. यालाच ही मंडळी नॅनो म्हणतात. गंमत अशी, की सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लालचुटूक दिसतं. एकदा सरांचे शेजारी, सराफकट्ट्यावरचे एक शेठ, खास सोनं बघायला आले. ऋचानं त्यांच्यापुढं बाटली धरली. शेठनी ती उजेडात फिरवली, हुंगली आणि सरांना हळूच म्हणाले, "साहेब, आ तो शरबत छे." सरांनी नाना परीनं समजावलं. शेठ मान हलवत राहिले. जाताना मात्र ऋचाला म्हणाले, "बेन, कोणी असलं सोनं विकत घ्यायला सांगितलं तर आधी मला विचार."

सोन्यावर शेवटी रखवालदार बसवले. प्रतिपिंडं म्हणतात त्यांना. त्यांना रक्तातलं एकच गिऱ्हाईक ओळखता येतं, टाऊ नावाचं एक बिघडलेलं प्रथिन. ते आलं की रखवालदार त्याला धरून बसवतात, अंगातून जाणारी वीज बदलते आणि ऋचाच्या पडद्यावरच्या रेघेला टेकाड येतं. टेकाड जितकं उंच तितकी काळजी मोठी. पण बाजारात जसं प्रत्येक मालाचं आपलं दुकान ठरलेलं, तशी टेकाडाचीही जागा ठरलेली असते. टाऊचं टेकाड टाऊच्याच जागी येणार. दुसरं काही आलं तर ते दुसरीकडं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

प्रयोगशाळेत पडद्यावर सगळं दिसे. पण वस्त्यांमध्ये न्यायला ऋचानं मोबाइलएवढं एक यंत्र केलं होतं. ते फक्त उंची बघे. टेकाड कमी तर हिरवा दिवा, जास्त तर लाल. जागा बघायची अक्कल त्याला अजून दिलेली नव्हती.

श्रावणात आमची पेटी पांडेसऱ्याला गेली. तिथं एका दवाखान्यात तपासणीचं शिबिर होतं. पांडेसरा म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यांचा भाग, आणि वस्ती बरीचशी आपल्या खानदेशची. मी पेटीत वरच्या रांगेत होते, त्यामुळं माणसं जवळून बघायला मिळाली.

माणसांचा एक स्वभाव मला तिथं कळला. स्मरणशक्तीची तपासणी म्हटल्यावर रांगेत उभी राहिलेली माणसं पाठांतर करतात. आज वार कोणता, तारीख कोणती, मुख्यमंत्री कोण. बाबुराव नावाच्या एका आजोबांनी तर तारीख तळहातावर पेनानं लिहून आणली होती. रक्त घ्यायला ऋचानं हात उलटा केला तशी ती दिसली.

"आजोबा, हे काय?"

"कॉपी," आजोबा शांतपणे म्हणाले. "शाळेतही असाच पास झालो."

"पण मी तारीख विचारणारच नाहीये. फक्त रक्त घेणार."

"मग आधी सांगायचं ना, बाई. सकाळपासून हात धुतला नाही मी."

त्यांच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला. कॉपी करायची युक्ती ज्याला सुचते त्याचं डोकं शाबूत असणार, हे मी पट्टी असून सांगितलं असतं.

त्यांच्यामागून कुसुमबाई आल्या, मुलाच्या मागं मागं, पाय ओढत. साठीच्या आतबाहेरचं वय. सुरतेच्या त्या चिकट दुपारी सगळे पदरानं, रुमालानं वारा घेत होते आणि या बाई अंगाभोवती शाल लपेटून. चेहरा जरा सुजल्यासारखा, आवाज बसलेला. मुलगा विकास भरतकामाच्या मशीनवर ऑपरेटर होता. त्यानंच सगळं सांगितलं, आईच्या देखत, जणू ती तिथं नाहीच.

"मॅडम, विसरते. कुकरमधे पाणी घालायचं विसरली. भाजीत मीठ दोनदा. तेवढं चालवून घेतलं. पण गेल्या आठवड्यात माझी पोरगी बालवाडीत बसून राहिली. आणायला हीच जाते, बायको कामावर असते. ही घरी, दारात बसलेली. बालवाडीवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा कळलं."

"लई वेळ नही बसनी ती," कुसुमबाई पुटपुटल्या.

"माय, एकटी बसली होती ती. रस्त्यावर आली असती तर?"

बाईंनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली. विकास ऋचाकडं वळून म्हणाला, "तो आजार असेल तर सांगा. मी हिला गावी काकाकडं ठेवीन. पोरगी हिच्या भरवशावर नाही टाकता येणार मला."

तर असा सौदा माझ्यावर येऊन पडला होता. नातीचा हात त्या आजीच्या हातात राहणार की नाही.

ऋचानं बाईंचा हात हातात घेतला आणि करंगळीशेजारचं बोट धरलं. आमच्याकडं तीच रीत, त्या बोटाला राबता कमी आणि दुखतंही कमी. बाईंनी झटकन मूठ मिटली.

"हे बोट नको. ह्या बोटानं मी देवाला कुंकू लावते. रविवारी आमची कानबाई बसणार आहे. सुई टोचलेलं बोट देवीला कसं लावू?"

कानबाई ही खानदेशची देवी, श्रावणात घरोघरी येते. सुरतेतही तिचा थाट मोठा. ऋचाला ते माहीत होतं, तिनं हट्ट धरला नाही. बाईंनी आपणहून दुसरं बोट पुढं केलं, अंगठ्याजवळचं. "हे घे. हे कामाचं बोट. ह्याला कशाचं काही नाही."

ऋचानं स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली आणि थेंब माझ्यावर टेकवला.

आणि थेंबाबरोबर माझ्या अंगावर तांबं आलं.

रक्तात तांबं असतं, पण चिमटीभरही नाही. हे त्यातलं नव्हतं. हे बाहेरचं, कातडीच्या रेघांत घर करून बसलेलं. माझे रखवालदार दारात उभे, टाऊची वाट बघतायत, आणि त्यांच्या बाजूनं हे वऱ्हाड थेट सोन्यावर जाऊन बसलं. वीज फिरली तशी रेघ उसळली. ठरल्या जागी नाही, भलतीकडंच. पण जागा बघतो कोण? यंत्रानं उंची मोजली आणि लाल दिवा लावला.

मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडले असते. ऋचा म्हणाली, "यावरून काही ठरत नाही. हे अजून संशोधन आहे. पुन्हा बघावं लागेल." बोलणं बरोबर होतं. पण विकासनं दिवाही बघितला होता आणि तिचा चेहराही. बाजारात भाव तोंडानं काहीही सांगा, गिऱ्हाईक तुमच्या भुवयांकडं बघत असतं. त्यानं आईचा दंड धरला आणि दोघं गेली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत परतल्यावर ऋचानं लाल दिव्याच्या पट्ट्यांचे आलेख पडद्यावर उघडले. माझा उघडला आणि ती खुर्चीत पुढं सरकली.

"सर, हे टेकाड बघा. हे टाऊच्या जागी नाहीच."

देसाईसर चष्मा वर करून वाकले. "बरोबर. टाऊ नाही हा."

"म्हणजे त्यांना काही नाहीये?"

"तसं कुठं म्हटलं मी? हा जो कोण मधेच बसलाय ना, त्याच्या आड टाऊ लपलेला असू शकतो. सिनेमात पुढं उंच माणूस बसला की मागचा दिसत नाही, तसं. पुन्हा थेंब घे."

ऋचानं विकासला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिनं दवाखान्यातून पत्ता घेतला, पिशवीत सामान भरलं, मला एका छोट्या काचेच्या डबीत घालून वरच ठेवलं, आणि आम्ही पांडेसऱ्याला त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. दाराशीच पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली, वर दोरी. सून प्रिया कामावर गेली नव्हती. भिंतीला टेकून ती नातीची वेणी घालत होती, आणि पोरगी सारखी मान वळवून आजीकडं बघत होती. कुसुमबाई खाली बसून काम करत होत्या. छोटा चरखा, त्यावर रीळ, आणि रिळावर जरी भरली जात होती. सुरतेची जरी साऱ्या देशाच्या साड्यांना जाते. ती रिळावर भरायचं काम बाई लग्न होऊन इथं आल्यापासून घरी बसून करत होत्या. शाल अंगावर होतीच.

"या," प्रिया उठली. "उद्या जाणार आत्याबाई. गाडीचं आरक्षण झालं." सासूला ती आत्याबाई म्हणे. "मी म्हटलं ह्यांना, एवढ्यात नको. ऐकत नाहीत."

"कानबाई झाल्यावर न्या म्हटलं," कुसुमबाई चरखा न थांबवता म्हणाल्या. "तेवढंही नाही. देवीसमोर काही चुकलं तर, म्हणतो. मी काय येडी व्हयनी का?"

नात उठली आणि आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, तू नको जाऊ ना. मी रोज आठवण करीन तुला. चालो ने, बालवाडीत जाऊ." ती वेळ बालवाडीची नव्हतीच. प्रियानं तोंड फिरवलं.

ऋचा अवघडली. अवघडली की तिला हातात काहीतरी घ्यायची सवय आहे. तिनं शेजारचं भरलेलं रीळ उचललं, जरी बोटांत धरून थोडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. आणि बोटाकडं बघितलं. बोटावर काळपट रेघ उठली होती.

"मावशी, ही जरी सोन्याची?"

"सोन्याची आता कुठं?" कुसुमबाई हसल्या. "पूर्वी चांदीवर सोनं चढवत. आता आत तांब्याची तार, वर मुलामा. पण दिसते तशीच."

ऋचानं त्यांचा हात ओढून घेतला. अंगठ्याजवळचं ते कामाचं बोट. वर्षानुवर्षं त्यावरून तार धावून कातडीत एक खोलगट वाट पडली होती, पायवाट पडते तशी. त्या वाटेत हिरवट काळसर काहीतरी कायमचं मुरलेलं. स्पिरिटनं जंतू जातात, तांबं जात नाही.

माझी डबी तिच्या उघड्या पिशवीत वरच होती. मला वाटलं, आता तरी ओळखेल. आणि ती म्हणाली, "हेच. हेच बसलं होतं मधे."

तेवढ्यात विकास जेवायला आला. ऋचाला बघून त्याचा चेहरा पडला. तिनं त्याला सगळं समजावलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे दिवा खोटा?"

"दिवा खरा आहे. त्यानं तांबं दाखवलं. आपण दुसरंच समजलो. आजार आहे का, ते अजून मला माहीत नाही. म्हणून पुन्हा रक्त हवंय."

"घ्या मग."

"त्याच बोटाचं नको," ऋचा म्हणाली आणि तिची नजर देवीच्या बोटाकडं गेली. कुसुमबाईंनी ते बोट केव्हाच तळहातात दडवलं होतं.

"माय, दे ना ते. देवी काय रागावणार आहे?"

"तुले काय विचारनं तिनी? मन्हं बोट शे."

वाद वाढला असता. प्रियानं मार्ग काढला. "मॅडम, दंडातून घेत नाहीत का? माझं बाळंतपणात घेतलं होतं तसं. दंड काय देवीला लागत नाही."

सगळ्यांनी कुसुमबाईंकडं बघितलं. त्यांनी थोडा विचार केला, शालीतून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "दंड घ्या. दंडाचं काही नाही."

हसायला कोण आधी लागलं ते मला कळलं नाही. पण त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू आलेलं असावं, कारण थांबायला वेळ लागला.

ते रक्त माझ्या धाकट्या बहिणीवर पडलं, प्रयोगशाळेत, मोठ्या पडद्यासमोर. तांब्याच्या जागी सपाट. आणि टाऊच्या जागी एवढंसं उंचवट्यासारखं, धडधाकट माणसाच्या रक्तात असतं तेवढंच. देसाईसर म्हणाले, "झाकलेलं काही नव्हतं." ऋचानं डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली. मी समोरच्या ताटलीत होते. मला श्वास असता तर मीही तेव्हाच सोडला असता.

पण विसरणं तर खरं होतं. पोरगी बालवाडीत बसून राहिली होती, हे कुठल्या पट्टीनं खोटं ठरणार होतं? ऋचानं विकासला स्पष्ट सांगितलं, "आमच्या पट्टीवर भिस्त ठेवून बसू नका, मोठ्या डॉक्टरांना दाखवा." तो आईला सरकारी इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली नाही, आलेख बघितला नाही. त्यांनी आधी शाल बघितली.

"मावशी, एवढी थंडी वाजते?"

"वाजते. बारा महिने."

सुजलेला चेहरा, बसलेला आवाज, मंद चाल. त्यांनी थायरॉइड तपासलं. गळ्यातली ती ग्रंथी पार सुस्तावली होती. ती सुस्तावली की डोकंही सुस्तावतं, माणूस विसरतो, आणि घरच्यांना वाटतं तोच आजार आला. यावर औषध आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.

विकासनं घरी येऊन दाराशी बांधलेल्या पेटीची दोरी स्वतः सोडली, असं प्रिया नंतर सांगत होती. आईला म्हणाला, "माय, कानबाईले काय काय आणनं शे, सांग." आणि कुसुमबाईंनी सांगितलं. एक जिन्नस विसरल्या, तो प्रियानं आठवून दिला. देवी थाटात बसली.

आता मी कुठं आहे ते सांगते. ऋचाच्या शिबिराच्या पेटीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला काचेच्या तुकड्याखाली मला चिकटवलंय. शेजारी तिच्या अक्षरात एक ओळ आहे, "आधी विचारा, हात काय काम करतात?" पेटी उघडणाऱ्याची पहिली नजर माझ्यावर पडते. रंगाच्या कारखान्यातला कामगार येवो, भांड्यांना कल्हई लावणारा येवो, आधी हा प्रश्न, मग लिंबाच्या पाण्यानं हात धुणं, मग सुई. त्या छोट्या यंत्रालाही आता टेकाडाची जागा बघायला शिकवलंय. भलत्या जागी उसळलं तर ते दिवाच लावत नाही. जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणायला शिकलं. माणसांना हे शिकायला अजून वेळ लागेल, पण यंत्रानं सुरुवात केलीय.

दसऱ्याला ऋचाच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती. सकाळीच दारात कुसुमबाई उभ्या. हातात झेंडूच्या माळा, पाठीमागं प्रिया, बोटाला नात. अंगावर शाल नव्हती. आवाज मोकळा. दारातूनच देसाईसरांना म्हणाल्या, "सर, आज वार कोणता ते विचारा."

"विचारायची गरजच नाही, मावशी."

"विचारा तर. पाठ करून आलेय."

सर हसले, त्यांनी विचारलं. बाईंनी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि वर बालवाडी सुटायची वेळही सांगितली. नातीनं मान डोलावली. म्हणाली, "रोज आजीच येते. मी विसरते, आजी नाही विसरत."

मग बाईंनी हळदीकुंकवाचं तबक घेतलं. पडदा, यंत्रं, लाल सोन्याची ती बाटली, सगळ्यांना कुंकू लावत आल्या. माझ्यापाशी थांबल्या. ऋचानं सांगितलं, "मावशी, हीच ती. तुमच्या थेंबाची."

बाईंनी मला नीट न्याहाळलं, घरातल्या एखाद्या खट्याळ पोराकडं बघावं तसं. "हिनं घाबरवलं मला?"

"तिनं खरंच सांगितलं होतं. आम्हाला ऐकू आलं नाही."

तुम्हाला एवढंच सांगायचं, मंडळी. घरातलं कोणी विसरायला लागलं तर त्याची पेटी बांधू नका, आणि आपली भीतीही बांधून ठेवू नका. लवकर दाखवा. तो मोठा आजार असेल तरी लवकर कळलेला बरा, आणि नसेल तर पुष्कळदा एका गोळीचं काम असतं. आमच्यासारख्या पट्ट्या उद्या गल्लोगल्ली मिळतील, त्यांच्यावर विश्वास जरूर ठेवा. पण दिवा लाल लागला की आधी दिव्याला विचारा, तू नक्की काय बघितलंस?

बाईंनी काचेचा तुकडा बाजूला सरकवायला लावला. करंगळीशेजारचं ते बोट कुंकवात बुडवलं, माझ्यापासून त्या दिवशी हट्टानं वाचवलेलं, कानबाईचं बोट, आणि माझ्या टोकाला, जिथं त्यांचा थेंब पडला होता, तिथंच हलकेच टेकवलं.

त्या बोटाला तांबं नव्हतं.